पेटी क्रमांक एक्केचाळीस

धरण झालं, अभियंते गेले.
मोखोटलाँगच्या वरच्या अंगाला पत्र्याची शेड राहिली,
शेडमध्ये लाकडी पेट्या,
पेट्यांत डोंगर:
मनगटाएवढ्या जाडीचा, उभा भोसकून काढलेला,
हातहात लांबीचे तुकडे करून निजवलेला,
उशाशी पांढऱ्या रंगात खोलीचे आकडे.

किल्ली मात्शेलिसोकडे.
काम एवढंच की दगड चोरीला जाऊ द्यायचे नाहीत.
पहिल्या दिवशी हसली होती ती.
दगडाला राखण!
लेसोथोत दारापुढे, मेंढवाड्यात, पिठाच्या घासात
दगडाशिवाय दुसरं असतं काय?

एका हिवाळ्यानंतर तिला आवाज आला.
फार बारीक,
तव्यावर एकच मोहरी राहून गेल्यासारखा.
पेटी एक्केचाळीस.
काल अखंड होता तो काळा कातळ,
आज त्याला केसाएवढी भेग,
परवा भेगेला पोरं झाली.
पोटात हिरवट चिकणमाती बाळगून होता,
डोंगराच्या वजनाखाली गप्प.
वजन उठलं, हवा लागली.
दमट रात्री माती फुगायची,
कोरड्या दुपारी आकसायची,
आणि एक दिवस अंगठ्याने दाबलं
तर मुरूम.

वहीत तिने लिहिलं, चोरी झाली.
मग खोडलं.
नेलं कोणी? सगळं तर इथेच आहे.

नवऱ्याचा दगड वेगळा.
मोलेफे खाणीतून परतला तो
फुफ्फुसात गारगोटीची धूळ घेऊन.
ती झिजली नाही. तो झिजला.
थडग्यासाठी तिने ब्लूमफाँटेनहून ग्रॅनाइट मागवला,
अठरा हप्त्यांवर,
करडा, गुलाबी दाण्यांचा, तोंड दिसेल असा.
विकणारा म्हणाला, आई, हा कायमचा.

सप्टेंबरात त्लाली आला, नवा भूशास्त्रज्ञ,
बुटांना अजून चिखल न लागलेला.
एक्केचाळीस कुठे?
ती काही बोलली नाही, घराकडे चालू लागली.

पुढची भिंत नुकती सारवलेली.
शेण, पाणी आणि काहीतरी तांबूस-हिरवट,
त्यावर जेवणाच्या काट्याने ओढलेल्या रेघा,
नांगरटीसारख्या,
चौकोनाला चौकोन पाठ देऊन बसलेला.
हे घे, म्हणाली. एकशे बारा मीटर ते एकशे चौदा.
दाराच्या डावीकडे वरचं, उजवीकडे खालचं.

पावसात जाईल हे, तो म्हणाला.
मग बेचाळीस आहे.

त्याने भिंतीवर तळवा टेकला. ओली होती.
तपासणीच्या कागदावर
यासाठी रकाना नव्हता.

निघताना तिने थडग्याकडे हनुवटी केली.
हाही जाईल?
त्याने भिंग लावलं, बराच वेळ.
हे गुलाबी दाणे आधी पिठूळ होतील, म्हणाला,
त्यांची माती होईल.
अभ्रक गंजेल, पापुद्रे सुटतील.
गारगोटी तेवढी राहील. वाळू.
कधी?
तो हसला, मग हसू आवरलं.
आपल्यानंतर पुष्कळ.

वाळू भिंतीला धरत नाही, ती म्हणाली.
गुलाबी तेवढं कामाचं.

रात्री गोठण पडली.
मात्शेलिसो घोंगडी पांघरून शेडपर्यंत गेली,
कुलूप काढलं,
कंदील खाली ठेवला
आणि बेचाळीसला कान लावून
बसून राहिली.