चौथ्या आकड्यावर

रावेरहून निघालो तेव्हा काचेला धुकं धरलेलं.
हीटर लावला. एकवर काही नाही,
दोनवर नाही, तीनवरही नाही.
चारवर मात्र असा सुटला वारा
की औषधाच्या दुकानाची पावती
डॅशबोर्डवरून उडून मागच्या सीटवर गेली.

कुमुद म्हणाली, बंद करा.
बंद केला तर पाय गारठले.
पुन्हा चार. पुन्हा बंद.
सावद्यापर्यंत असंच चाललं.
मध्ये ती काहीतरी सांगत होती, बराच वेळ,
आणि मी मान हलवत होतो
ऐकू येत असल्यासारखी.

दीपनगरला एकतीस वर्षं काढली मी,
कंट्रोल रूममध्ये, रात्रपाळ्या धरून.
दोनशे दहा मेगावॅटचा संच
याच बोटांनी उठवला, बसवला.
आणि स्वतःच्या गाडीतला बारा व्होल्टचा पंखा
जुमानत नव्हता.

केळीचे ट्रक भरतात त्याच्या अलीकडे
हमीद तडवीचं दुकान.
तो ग्लोव्ह बॉक्स काढून आडवा झाला,
पाय रस्त्यावर, डोकं गाडीत, दातांत टॉर्च.
दोन स्क्रू. मग माझ्या तळहातावर एक पट्टी:
तारेची तीन वेटोळी,
मोटरच्या बाजूचं काळं पडून तुटलेलं.

"जयाली," तो म्हणाला. "तार जयाली, काका."

एकवर करंट तिन्ही वेटोळ्यांतून जातो,
बरंचसं बळ वाटेतच उष्णतेला देऊन
मोटरपाशी पोचतो तो नरम होऊन.
दोनवर दोन वेटोळी, तीनवर एक.
चारवर मध्ये कोणी येत नाही,
म्हणून सगळं जळाल्यावर चारच उरतो.
हे मला येत होतं. परीक्षेत लिहिलेलं होतं.

माहीत नव्हतं ते हे,
की ही पट्टी बसवतात पंख्याच्याच वाटेत.
ज्याला ती आवर घालते
त्याच वाऱ्यावर ती गार होते.
हमीदने पंख्यातून उपसून काढली
कडुनिंबाची वाळकी पानं
आणि उंदराचं घरटं, सगळं कापसाचं.
वारा कोंडला, मोटर जड झाली,
आणि हिला गार करणारं कोणी राहिलं नाही.

"सरळ तार टाकून जोडून दे ना,"
मी म्हणालो. मी. एकतीस वर्षांचा माणूस.
"टाकतो ना. मंग एक दिवस डॅशबोर्डच जयीन."

पोरगं मोटारसायकलवर फैजपूरला गेलं पट्टी आणायला.
समोर घड मोजत होते,
चरका पडलेले बाजूला काढत होते.
कुमुद काच वर करून बसलेली,
शाल कानापर्यंत.
मी जुनी पट्टी खिशात टाकली, का ते ठाऊक नाही.

मग एकवर.
कोणी हातांवर फुंकर घालावी इतकाच वारा,
त्याच्याखाली टायरचा आवाज, इंडिकेटरची टिकटिक,
तिच्या बांगड्यासुद्धा.
बामणोद गेल्यावर विचारलं,
मघाशी काय सांगत होतीस?
"कधी?"
सावद्याच्या आधी.
ती बाहेर बघत राहिली.
"आता कुठलं आठवतंय."

मी आकड्यावरचा हात काढून स्टिअरिंगवर ठेवला.
तापीच्या पुलावर तिनं पुन्हा सुरुवात केली,
पण दुसऱ्याच गोष्टीपासून.