खोक्याच्या तळाशी

गोलाणी मार्केटात शंभर कार्डं छापून घेतली,
जाड, मॅट, एक कोपरा गोल.
प्रणिता बोरोले. खाली: ग्राफिक डिझायनर.
'ग्राफिक' ठेवावं की काढावं
यात दोन रात्री गेल्या.

जळगावच्या एका हॉटेलात, वरच्या मजल्यावर,
डिझायनरांचा मेळावा होता.
स्वतःची ओळख करून द्यायचं वाक्य
मी एसटीत घोकत आले,
भुसावळपर्यंत मराठीत, पुढे इंग्रजीत.
तिथे कुणी विचारलंच नाही.
चहाच्या रांगेत एक जण म्हणाला, "कुठल्या तुम्ही?"
"सावद्याजवळच्या."
"अच्छा, केळी!" तो म्हणाला,
आणि बिस्किटाकडे वळला.

पाच कार्डं गेली. सहावं परतीच्या गाडीत
कंडक्टरनं मागून घेतलं,
पुतणीच्या लग्नाची पत्रिका करायची होती त्याला.
माझ्या पिशवीत लोकांची अकरा.
अकराही जणांना लिहिलं, नीट, शुद्धलेखन तपासून.
नऊ गप्प.
एकानं लाल बदाम पाठवला.
एक म्हणाला, नक्की भेटू.
तो 'नक्की' फोनमध्ये अजून आहे,
मी पुसलेला नाही.

मग काम मिळालं ते मामांच्या ओळखीनं
(हे मेळाव्यात सांगायचं नसतं):
झोपे शेठच्या केळीच्या खोक्यावरचं चित्र.
आत केळी हिरवी, बाहेर पिवळी दाखव म्हणाले,
गिऱ्हाइकाला पिवळंच कळतं.
आठ वेळा पिवळं बदललं.

छपाईच्या शेडमध्ये शाई कालवायला
सुभानचाचा तडवी. वय सत्तरच्या पुढे.
पूर्वी ट्रकांवर नावं रंगवायचे.
माझं कार्ड त्यांनी उजेडात धरलं,
कडेवरून अंगठा फिरवला.
"कागद झकास हाये. पन हे फिरते कुठं?"
मी गप्प.
"मी फाळक्याच्या कोपऱ्यात बारीक लिवत व्हतो,
सुभान, यावल. बस.
गाडी दिल्लीले जाये, लुधियान्याले जाये.
मी कधी बऱ्हानपूरच्या पुढं गेलो नाही.
एक दिवस लुधियान्याचा सरदार दारात उभा,
म्हने, मोर तूच काढला का?"

शेठना विचारलं, तळाच्या झाकणावर
माझं नाव टाकू का? आणि नंबर, अगदी बारीक?
"तळ कोन पाहते, पोरी?"
म्हणजे हो.

चार महिने कुणीच पाहिला नाही.
खोकी गेली, कुठल्या कुठल्या मंडईत फाटली,
कुणाची चूल पेटली असेल माझ्या नावावर.
पौषात एका रात्री फोन आला.
मला वाटलं, लुधियाना.
शहाद्याचा पोरगा निघाला, दीपेश नावाचा.
खोलीत पुस्तकं ठेवायला रिकामं खोकं आणलेलं,
उलटं केलं तर मी.
"ताई, काम नही मांगत," घाईघाईनं म्हणाला,
"मी बी हाईच शिकस.
आठे माले कोनी वळखत नही.
तुमी सुरवात कशी करी?"

काय सांगणार होते मी?
माझीच अजून व्हायची होती.
इतक्या लोकांना जे विचारायचं म्हणून घोकलं होतं
ते मलाच कुणीतरी विचारत होतं,
आणि माझ्याकडे नक्कीसुद्धा नव्हता.

म्हटलं, रविवारी सावद्याला ये,
शेड सांगते कुठे ती. डबा आण, वही आण.

आला. लाजून उभा राहिला मशीनपाशी.
माझी उरलेली चौऱ्याण्णव कार्डं तिथेच असतात आता,
चाचा त्यांच्या पाठीवर शाई तपासतात.
दीपेशनं एक मागितलं.
चाचांनी वरचं उचलून दिलं,
मागच्या बाजूला हिरव्याचे तीन ठिपके, ओले.
"नाव पलीकडं हाये," म्हणाले,
"आधी यातला केयीचा हिरवा कोनता, ते सांग."