मोजणारा

सारेमा बेटावरची शाळा. बोट उशिरा आली,
आणि हार्प पलीकडच्या धक्क्यावरच राहिली.

व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली बसलो.
हेल्वेबाई म्हणाल्या, हात मांडीवर.
हॉर्नवाल्याने नळीतली थुंकी झटकली,
आणि सगळा वर्ग त्याचा झाला.
बासून ऐकून कुणी म्हणालं, आजोबा घोरतायत.

माझ्याकडे फक्त ट्रँगल.
पुढच्या रांगेतला उकू, दोन दात पडलेला:
"तुम्ही तर काहीच करत नाही."
"मोजतो," म्हटलं. "बासष्ट आवर्तनं गप्प. मग एकदाच."

वाजू लागलं. व्हायोलिनं धावत सुटली,
ड्रमच्या घुमाऱ्याने छपरावरचा बर्फ घसरला,
माना सगळ्या खिडकीकडे.
उकू तेवढा बोटं दुमडत होता, ओठ हलवत.
एकोणचाळिसाव्याला शेजारच्याने कोपर मारलं,
तरी चुकला नाही.

चुकलो मी. खरं सांगतो,
तीस वर्षांत पहिल्यांदा, त्याच्याकडे बघता बघता
आकडा हातून निसटला.
कांडी उचलून नुसता उभा,
स्टॉप विसरलेल्या प्रवाशासारखा.

तेव्हा त्याने मान हलवली.
जराशीच.

टिंग.

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलंही नाही,
म्हणजे बरोबर पडला होता.
उकूने मुठी उघडून
हात पुन्हा मांडीवर ठेवले.

हार्प साडेतीनला आली.