रंजक

गंगावेशीच्या उताराला, सायकलवाल्याशेजारी
आरिफा शिकलगारचं दुकान,
पाटीवर अजून बापाचंच नाव.
तिनं फडकं उलगडलं तेव्हा
मी चाप पाहिला नाही, घोडा पाहिला नाही,
नळीच्या तोंडाला डोळा लावला.
एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढलेला माणूस
आणखी काय पाहणार?
आत सात आटे, संथ पिळत
पलीकडच्या उजेडाच्या टिकलीपर्यंत गेलेले.
एकाही जागी हात थरथरलेला नाही.
"कुणी कापले?"
"मीच. अब्बांची नजर गेल्यावर."

परवान्याच्या अर्जात मी लिहिलं होतं, रानडुकरं.
फौजदार म्हणाला, या जमान्यात गारेची बंदूक?
तुमचं ठासून होईस्तोवर डुकरं थांबतील व्हय?
मी हसलो.
खरं कारण लिहायला त्या अर्जात रकाना नव्हता.

पैसे मोजून झाल्यावर खिशातली गार काढली,
पांढरी, वेदगंगेच्या पात्रातली, आमच्या गारगोटीची.
लहानपणी गोधडीत शिरून
दोन गारा एकमेकींवर घासायचो आम्ही भावंडं,
आत फिकट उजेड व्हायचा, आणि जळका वास.
आरिफानं ती नखानं वाजवून पाहिली.
"गावाचं नाव राखलंय काका, पण हिची धार टिकायची नाही.
अकीक लावते."
म्हटलं, पहिला बार हिचाच.
ती जरा वेळ माझ्याकडं बघत राहिली,
मग हातोडी घेऊन तिनं गारेला कड काढली,
चामड्याच्या तुकड्यात धरून घोड्याच्या जबड्यात आवळली.

रविवारी, बंद पडलेल्या खडीच्या खाणीत
ती, मी, आणि मेव्हणा दौलू,
ज्याचा कशावरच विश्वास नाही.
साठ पावलांवर तेलाच्या डब्याचं झाकण.
माप भरून दारू, तेलकट चिंधीत गोळी,
गजानं खाली, खाली, हाताला कळेपर्यंत की बसली.
कानाशी चिमूटभर रंजक.
चाप.
फूस.
भुवईचे केस जळल्याचा वास,
आणि नळी गप्प.
"फुसका बार," दौलू म्हणाला,
आणि माझ्या निरोप समारंभातल्या भाषणाची आठवण काढली.

आरिफानं तारेनं बंदुकीचा कान टोकरला,
न्हालेल्या पोराचा टोकरावा तसा, जपून.
पुन्हा चिमूट. पुन्हा चाप.
घोडा पडला,
ठिणग्या सांडल्या,
रंजक पेटली,
आणि बार झाला नाही.
अजून नाही.
एवढ्या वेळात मला लेथचा चक आठवला,
शेवटच्या दिवशी बटण दाबल्यावरही
फिरत राहिलेला,
त्याच्यावर हात ठेवायचा नसतो, माहीत असून
ठेवावासा वाटलेला.
"धरून ठेवा," आरिफाचं बोलणं अर्धं ऐकू आलं,
आणि सगळी खाण माझ्या खांद्यावर येऊन बसली.

धूर. टिटव्यांचा आरडाओरडा.
दौलू चालत गेला, झाकण उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं,
परत ठेवलं.
त्याच्या दोन वीत वर, काळ्या दगडात
ताजा पांढरा टवका.
"आट्यांचा दोष नाही," आरिफा म्हणाली,
"शेवटाला तुम्ही मान उचलली. बघायला."

मग तिनं अकीक लावला. तीन बार काढले.
तिन्ही झाकणात, एकावर तळहात ठेवला तर झाकतील असे.
त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

घरी उकळत्या पाण्यानं नळी धुतली.
पाणी काजळासारखं उतरलं, अंड्यासारखं नासकं घाणलं.
"हे पातेलं आता तुमचंच," शकुंतला म्हणाली,
आणि झोपायला गेली.
मी दिवा घालवला.
कड बोथटलेली गार तिच्याच कपच्यावर घासली,
एकदा, दोनदा, मग जोरात.
आतल्या खोलीतून हाक आली,
"अहो, गॅस चालू राहिलाय का बघा."