फर्नेस, पाचव्यांदा

नोव्हेंबरात आला तेव्हा म्हणाला, सेन्सर काजळलाय.
डिसेंबरात, इग्नायटर गेला.
नाताळच्या आदल्या रात्री प्रेशर स्विच.
आणि जानेवारीत, गुडघ्यांवर बसून, बराच वेळ गप्प राहून,
"बोर्ड, मिसेस लाहतिनेन. बोर्डच दिसतोय."
'दिसतोय' ह्या एका शब्दाचे त्याने चारशे डॉलर लावले.

ओरेस्ट हालिचुक. त्याच्या बापाने
आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांना नळ बसवले.
म्हणून तर ह्याला बोलावते,
आणि म्हणूनच तोंडावर काही बोलता येत नाही.

काढलेला भाग तो फडक्यात गुंडाळतो,
पिशवीत टाकतो, चेन ओढतो.
फर्नेस गप्प असते तेव्हा
त्या चेनचा आवाज मला रात्रभर पुरतो.

शेजारची बर्निस म्हणते, अगं, तोच पुसून परत लावत असेल.
बर्निसला नवऱ्याचाही असाच संशय होता,
आणि तो खरा निघाला होता.

थंडर बे, उणे चौतीस. सरोवरावरून वारा.
ताइस्तोचा जुना कोट अंगात घालून
तळघराच्या पायरीवर बसते नि मोजते:
आधी पंखा घुमतो. मग टिक.
मग तो नारिंगी निखारा, सात, आठ, नऊ,
अकराला गॅसने भप्पकन पेट घ्यायला हवा.
अकरा.
बारा. तेरा.
आणि पुढे नुसतं गरम पाण्याच्या टाकीचं पुटपुटणं.

ताइस्तो असता तर म्हणाला असता,
माणसावर भरवसा नाही ना, मग लाकडं फोड.
पण लाकडाची शेगडी त्यानेच उपटून काढली होती,
राखेला कंटाळून.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी खाली गेले,
पत्र्याचं झाकण काढलं,
आणि इग्नायटरच्या पांढऱ्या बुडावर
नेलपॉलिशचा ठिपका दिला.
लाल. उन्हाळ्यात नात बाटली विसरून गेली होती.
मसुराएवढाच द्यायचा होता; हात हलला, जरा लांबट झाला.

आठवड्याने फर्नेस बंद पडली.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

ओरेस्टने दारात बूट काढले. मोज्याला भोक.
इग्नायटर सोडवून टॉर्चखाली धरला.
मला पायरीवरून ठिपका दिसत होता,
म्हणजे त्याला दिसतच होता.
अंगठ्याने घासून पाहिला. निघाला नाही.
मान वर केली नाही, विचारलंही नाही.
नव्या भागाचं खोकं घेतलं
आणि माझ्यासमोर त्याचं सील फाडलं,
गरजेपेक्षा जरा जास्तच आवाज करत.

निघताना जुना भाग पिशवीत गेला नाही.
बिटाच्या बरण्यांशेजारी, फळीवर ठेवला,
ठिपका वरच्या बाजूला करून.
बिलाचं पुस्तक उघडलं, मिटलं.
"ह्या वेळी मजुरी नको," म्हणाला,
"मलाही कळत नाहीये काय होतंय ते."

हेच नोव्हेंबरात म्हणाला असता
तर मी कॉफी टाकली असती,
वेलदोड्याचा पुल्ला कापला असता, कडेचा तुकडा त्याला.
पुल्ला त्या दिवशीही होता, ओट्यावर, फडक्याखाली.
वास त्यालाही आला असणार.
मी दार लावून घेतलं.

मार्च लागला. फळीवर आता तीन भाग झालेत,
एक ठिपक्याचा, दोन कोरे.
न सांगता ठेवून जातो.
बर्निस आली की मी बरण्या पुढे सरकवते.

आज पहाटे पावणेचारला पंखा घुमला.
टिक.
मी पलंगावर उठून बसले,
एक पाय सपातेत, दुसरी सपात सापडेना.
सात. आठ.
नऊ.