सिंगल फेज

पहिली कॅसेट खडकीत, नेल्सनच्या गॅरेजात भरली.
तिसऱ्या गाण्यात कारखान्याचा भोंगा आलाय.
लोकांना वाटलं, मुद्दाम.
मग आम्हीही म्हणालो, मुद्दामच.

दुसरीच्या वेळी फाटलं. पैशावरून नाही,
माझा सोलो श्रीरंगला लांब वाटला, एवढंच.
एवढ्यात एकोणीस वर्षं गेली.
नेल्सनने ड्रम विकून मिक्सर घेतला, वाटणाचा.
मी लोकांना गृहकर्जं गळ्यात मारत राहिलो.

आता बाणेरला स्टुडिओ. भिंतींना फोम,
टाचणी पडली तर टेक बाद.
सगळी गाणी दोन पट्ट्या खाली घेतली,
त्यावर कुणी काही बोललं नाही.
नेल्सन कानातलं यंत्र काढून वाजवतो,
म्हणतो, असं बरं, तुम्ही कमी चुकता.

शेवटचं गाणं संपलं
आणि आम्ही तिघं तसेच उभे,
कशाची वाट बघतोय ते कळेना.
काचेमागून ती इंजिनिअर पोरगी: काका, कट करू?
श्रीरंगने हात वर केला.
थांब.

फोममधून काहीच आलं नाही.
ते अकरा सेकंद तिने ठेवलेत तसेच.
ऐकताना पुढे ढकलू नका.