दोघांचं वजन

सेलम पिवळा पडला ते आधी कुणालाच कळलं नाही.
सांगलीच्या यार्डात सगळंच पिवळं.
गोणी, पापण्या, चहाच्या ग्लासाची कड,
गजाबाईच्या पदराची गाठ.
नवी हळद उतरली की
आम्ही शिंकतोसुद्धा पिवळं.
मग कुत्र्याच्या हिरड्या कोण बघतंय?

मी बघितल्या, उशिरा.
ओल्या फडक्यानं पुसल्या. परत पुसल्या.
फडकं पांढरंच राहिलं.

नऊ वर्षांपूर्वी तमिळनाडूच्या ट्रकखालनं निघाला होता,
मुठीएवढा, ग्रीसनं माखलेला.
हमालांनी गोणीवरचं नाव वाचलं
आणि तेच त्याला चिकटवलं.

डॉक्टर मगदूम म्हणाले, यकृत.
मग चष्मा पुसत बसले, काच स्वच्छ झाल्यावरसुद्धा.
“थोडं थोडं द्या. बळजबरी नको.
खाताना टक लावून बघत बसू नका.
आणि भडंग बंद.”

भडंग.
पुडीचा कागद नुसता वाजला
तर तिसऱ्या गाळ्यातनं पळत यायचा हा.
परवा चुकून वाजला.
एक कान हलला.
बाकीचं कुत्रं जागच्या जागी.

पेज केली, पातळ, बिनमिठाची.
मुल्लाणींच्या शिराजनं कोंबडीचं पाणी आणलं,
वरची चरबी काढून, पोराच्या शाळेच्या बाटलीतनं.
गजाबाईनं मूग शिजवून गाळले
आणि कधी नव्हे ते त्याला “बाबा” म्हणाली,
“खा रं बाबा, एवढा घास खा.”
त्यानं सगळ्याला नाक लावलं,
जेवून आलेल्या पाहुण्यासारखं,
आणि मान वळवली.

मग मी बोटावर घेऊन हिरडीला लावलं.
त्यानं गिळलं.
भूक म्हणून नाही, माझं मन राखायला.
पाव तासानं सगळं बाहेर आलं,
आणि नाकानं सुतळीचा तुकडा ढकलत ढकलत
ते झाकायला बघत होता.
मी म्हटलं, असू दे. असू दे रे.
राख टाकली, पुसून घेतलं,
त्याच्या पाठीशी गरम पाण्याची बाटली ठेवली
पोत्यात गुंडाळून.

मी तोलाईदार. एकतीस वर्षं काट्यावर.
माणूस काय सांगतो ते मी फारसं धरत नाही,
काटा सांगतो ते धरतो.
रोज सकाळी, सौदे सुरू व्हायच्या आत,
त्याला उचलून मी काट्यावर चढतो.
दोघांचं वजन, वजा माझे एकसष्ट.
सोमवारी सतरा दोनशे.
गुरुवारी सोळा सातशे.
आज, शनिवारी, सोळा शंभर.
हाताला मात्र रोज जड लागतोय.

शिराज बघत होता. म्हणाला,
“मामा, एकदा नुसतं तुमचं तरी करा की.”
त्याला खाली ठेवलं. एकटा चढलो.
साठ दोनशे.

म्हणजे आठशे ग्रॅम माझे होते,
आणि मी ते त्याच्या खात्यातनं वजा करत होतो.
एकतीस वर्षांत असा हिशोब चुकला नव्हता.
शेतकऱ्याच्या मालात चुकला असता
तर पेढीनं उभं केलं नसतं मला.

डबा काढला. कालचाही तसाच होता, तो बाजूला सारला.
सेलमची ताटली त्याच्या तोंडाशी ठेवली
आणि त्याच्याकडं पाठ करून बसलो, डॉक्टर म्हणाले तसं.
ज्वारीची भाकरी, गवारीची भाजी.
पहिला घास घशात फिरत राहिला.
पाणी प्यालो. दुसरा खाल्ला.
मागं काहीच नाही.
बाहेर टेम्पो मागं घेतायत, कुणीतरी ओरडतंय
येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या.

मग स्टीलवर जीभ वाजली.
एकदा.
बऱ्याच वेळानं अजून एकदा.

पेज चाटली की नुसतं पाणी, ठाऊक नाही.
मी वळलो नाही.
भाकरीचा तुकडा मोडला, सावकाश,
माझं आटपत आलंय असं
त्याला वाटायला नको म्हणून.